विहीणबाईंचा फोटो आणि माझा

सूनबाई,
फोनवर बोलले तर माझा आवाज चढेल, म्हणून लिहून ठेवते. आज शाळा लवकर सुटली. तसा निरोप तुझ्या आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. मला शेजारणीकडून कळलं, तशी धावत गेले. फाटकावरचा वॉचमन म्हणतो, "आजी, न्यायला येणाऱ्यांत तुमचा फोटो नाही. पोरीला सोडता येणार नाही." ठकू आतून "माझीच आजी आहे" म्हणून ओरडत होती, तरी गडी हलला नाही. तेवढ्यात विहीणबाई आल्या आणि माझ्या नातीला माझ्यादेखत ऐटीत घेऊन गेल्या. वर मला म्हणतात, "चहाला या ना!" चहा गेला खड्ड्यात.

वॉचमनला बोलू नकोस. त्याने मला दिली नाही, तर परक्या कुणाला काय देणार? पण रोज तिची वेणी मी घालते, आणि फाटकावर परकी मीच?

मी बहिणीकडे जाऊन येते. भाजी गरम करून घ्या. ठकूला तूच आण, मी त्यांच्या दारात जायची नाही. उद्या शाळेत माझाही फोटो दे, चिठ्ठीखाली ठेवलाय. तुमच्या लग्नातला आहे. शेजारी विहीणबाई होत्या, त्यांना कात्रीने कापलंय. त्यांचा तिथे आहेच.