ताउनोचं मशीन चालूच राहील

कुह्मो, फिनलंड, ३ एप्रिल

चि. मारीत हिस आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुर्कूच्या वृद्धनिवासातली खोली उजेडाची आहे, खाली वाफेच्या अंघोळीची सौना आहे, सगळं वाचलं. चोवीस तास चालणारं मशीन खोलीत ठेवू देत नाहीत, हेही वाचलं. तेव्हा मी काही येत नाही.

दुकानदाराने भंगारात काढायला सांगितलेल्या कॉम्प्युटरवर तुझ्या बाबांनी स्वतः लिनक्स चढवलं आणि त्याला कंपवाताच्या संशोधनाची गणितं लावून दिली. जगभरातले लोक घरच्या मशीनवर त्या कामाचा एकेक तुकडा फुकट सोडवून देतात, त्यातलंच हे. ते गेले त्या दिवशीही ते चालू होतं. रोज सकाळी मी कॉफी घेऊन त्याच्याजवळ विणायला बसते आणि माउस हलवून किती टक्के झालं ते बघते. यात कुणाचं काय बिघडतं?

रानबेरीचा मुरंबा पाठवला आहे. माझ्यावर लोभ असू दे, मशीनवरही.

तुझी आई,
हेल्वी

तुर्कू, ११ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

मुरंबा मिळाला. तुझ्या जावयाने एका बैठकीत अर्धी बरणी संपवली, त्यामुळे तो आता तुझ्या बाजूने बोलतो.

पुढचं वाचून रागावू नकोस. बाबांचं, ‘ताउनो’ या नावाचं पान इंटरनेटवर कुणालाही दिसतं, किती काम झालं त्याच्या आकड्यांसकट. ते गेल्यापासून मशीनचं काम बरंच घटलंय. मला वाटलं, बिघडलं असेल. मग आठवलं. तू मशीनवर पत्ते खेळायचीस, त्यात अडथळा नको म्हणून त्यांनी ठरवून दिलं होतं की कुणी माउसला हात लावला की काम थांबायचं, आणि तीन मिनिटं कुणी हात लावला नाही तरच पुन्हा सुरू व्हायचं. तू सकाळभर सारखा माउस हलवतेस. आई, दोन वर्षं तू जवळ बसलीस की ते थांबतंय.

मग हे बसणं कुणासाठी? हिवाळ्यात तू पायरीवरून घसरलीस, ते मला आठवड्याने शेजारणीकडून कळलं. मला भीती वाटते गं. खोली एक मेपर्यंतच राखून ठेवली आहे. विचार कर.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
मारीत

कुह्मो, २४ एप्रिल

चि. मारीत हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी रडले. मग तुझ्या बाबांवर चिडले. मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं त्यांना?

मशीनबद्दल सगळं लिहून ठेवलेली त्यांची वही काढली. शेवटची पानं हात थरथरत असताना लिहिलेली, चष्मा लावूनही लागेनात. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर टाइप केलं. पहिल्या दिवशी माझं काहीतरी चुकलं आणि सगळंच बंद पडलं. मशीन बंद पडलं म्हणून खूश होऊ नकोस, दुसऱ्या दिवशी मी ते सुरू केलं. शून्याच्या जागी एक लिहायचा होता, एवढंच. आता मी शेजारी बसते, हवा तेवढा माउस हलवते आणि ते चालत राहतं.

शनिवारी आवारात ताल्कोत होतं, आपलं नेहमीचं बिनपैशाचं सामुदायिक काम. सगळ्यांनी मिळून पानं गोळा केली, मग सॉसेजचं सूप. शेवटच्या वर्षी बाबांना दाताळंही धरवत नव्हतं, तेव्हा ते म्हणाले होते की मला हात हलवता येत नाहीत, माझ्याऐवजी मशीन पाठवतो. त्यांचं ताल्कोत अजून संपलेलं नाही आणि ते मी संपवणार नाही. आणि हो, शेजाऱ्यांनी माझ्या पायरीला कठडा बसवून दिला. आता तुझी भीतीही त्याला धरून पायरी चढू शकेल.

खोली ज्याला हवी त्याला दे. माया मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

आई

तुर्कू, ३ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

खोली सोडली. वृद्धनिवासातल्या बाई म्हणाल्या की आईंना पुन्हा एकदा विचारा. मी म्हटलं, तुम्हीच विचारा.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स चढवलं आणि त्यालाही बाबांचीच गणितं लावली. तीन संध्याकाळी गेल्या, घरात सगळ्यांशी भांडले. आता बाबांच्या नावाखाली माझंही नाव दिसतं.

वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठव. शून्याच्या जागी तो एक कुठल्या ओळीत लिहायचा, ते मला सापडत नाही. मलाही शेजारी बसायचंय.

तुझी,
मारीत