नऊ वजा नऊ

६ जाने., मंगळवार
शिकवणीचा आठवडा झाला, डोकं उठलंय. आर्या तिसरीत. हुशार आहे, सोळापर्यंत पाढे घडाघडा. आणि नऊ वजा नऊ किती, तर एक! चिंचोके मांडले, म्हटलं काढ नऊ. आठ काढले आणि माझ्याकडं बघत बसली. "उचल की तो!" "राहू द्या सर." राहू द्या म्हणे.
पहिल्या दिवशी दादा म्हणाली होती. सांगितलं, सर म्हण. (वै. तिची थोरली बहीण. घरात एकीनं दादा म्हटलं की दुसरीला कितीसा वेळ लागतो.)

८ जाने.
४६ वजा २६ = २१. ३८ वजा १८ = २१. पण ७० वजा ३० मात्र बरोब्बर ४०! म्हणजे बयेला शून्य लिहिता येतं. विचारलं, इथं शून्य लिहिलंस, मग अडतीसच्या आठाखाली एक कुठनं आला?
"इथं काही नव्हतंच ना सर. तिथं आठ व्हते."
"मग?"
"मग सगळेच कसे न्यायचे?"
वही आपटली. आत भांडी घासत होती वै., तो आवाज थांबला. एस.वाय.ला सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हाच सगळे म्हणाले, पोराचं डोकं गरम. आता तिच्या आईलाही, म्हणजे मावशींना, कळलं. मावशी बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "सत्तावीसला चाचणी हाय. वीसात पंधराच्या खाली आली तर शिकवणी बंद. शाळेच्या बाईंकडंच लावू."
बाईंकडं लावली की मला त्या घरात जायला कारणच नाही. वै. टी.वाय.ला, मी कॉलेजबाहेर. दिसणार कुठं ती? लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर?

१४ जाने., संक्रांत
वै.नं तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली, सरळ डोळ्यांत बघून. पाच मिनिटांत मी "शून्य! शून्य! भोपळा!" करून ओरडत होतो. ती दारातून, "गोड बोला म्हटलं होतं." आर्या खी खी खी. मेलो.
फोनवर व्हिडिओ पण दाखवला, हिंदीतला, त्यात शून्य उड्या मारतं. आर्यानं तीनदा पाहिला, आवडला म्हणाली. नंतर विचारलं, सहा वजा सहा? एक.

१९ जाने., सोमवार
आज उलगडा झाला आणि आजच वाट लागली.
गेलो तर मावशी डब्यातून तांदूळ काढत होत्या. घाटघरहून, त्यांच्या गावाकडनं, नवं पोतं आलंय. ते भरायचं म्हणून जुने काढणं चाललेलं. मापट्यानं काढत काढत तळाला आल्या, आणि शेवटची मूठ परत डब्यात टाकली. आर्या शेजारीच. "बघा सर. सगळं काढत नसतात."
म्हणजे हे! पंधरा दिवस मी हिला ढ समजतोय.
शांतपणे सांगता आलं असतं. बाळा, घरातला डबा वेगळा, वहीतलं गणित वेगळं. पण आपण कसले शांत. डबा उचलला, पालथा केला, वर बुडावर थाप मारली. "हे बघ. हे शून्य. कळलं?"
तांदूळ फरशीभर. आर्या वाकून रिकाम्या डब्यात बघत होती. वै. खाली बसून दाणे गोळा करायला लागली. मीही वाकलो तर म्हणाली, "नका हात लावू."
मावशी: "या तुमी आता."

२० जाने.
आईला सांगितलं. वाटलं, आपली बाजू घेईल. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. "डबा पालथा घातलास? लोकाच्या घरात?" मग पिठाचा डबा आणून माझ्यापुढं आदळला. तळाला मूठभर पीठ. "रोज हादडतोस. कधी आत वाकून बघितलंस का?"
एकवीस वर्षं या घरात जेवतोय. नाही बघितलं.
पण गणितात तर... जाऊ दे.

३० जाने., शुक्रवार
विहिरीवरची मोटर जळाली. बाबांनी मलाच पिटाळलं, आणि जळक्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान आर्याच्या वडिलांचं. वाटलं, पान्हा फेकून मारतात. तर हसले. "या मास्तर! वीसपैकी एकोणीस पडले की राव पोरीला!" शून्यं सगळी बरोबर. "आता कशाला शिकवणी? आली की तिला वजाबाकी."
नापास झाली तर बंद. पास झाली तरी बंद. हे कुठलं गणित!
तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "शाळेत शून्य लिहिती. घरी आईनं विचारलं का एकच सांगती. आईला वाईट वाटंल म्हणून."
आठ वर्षांच्या पोरीला जे सुचतं ते मला...

१ फेब्रु., रविवार
गेलो एकदाचा. मावशी ओट्यावर बसलेल्या. घरून पाठ केलेलं सगळं विसरलो. "चुकलं माझं," एवढंच जमलं. मावशींनी आत हाक मारली, "आर्ये, चा आण."
आर्या कप ठेवून तिथंच घुटमळली. "सर, आता भागाकार सुरू होणारे आमचा. अवघड असतो का?"
मी तोंड उघडायच्या आत आतून वै.: "असतो. लई अवघड असतो."
मावशींनी आधी दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझे कान तापलेले. उठून आत गेल्या. आत दोघींचं हळू आवाजात काहीतरी सुरू झालं, माझ्यापर्यंत शब्द पोचेना. आर्यानं वही आणून माझ्यापुढं उघडली. मी नुसता बसून.
साडेसहाला निघालो तोवर मावशी बाहेर आल्या नव्हत्या. "या तुमी आता" म्हणायलाही नाही.