छायाचे बूट माझ्या पिशवीत

भुवनेश्वर, शुक्रवार

प्रिय कौशल्याताई,

संग्रामपूरच्या मुली मजेत आहेत. तुझी छायाही. तुझे गुडघे कसे आहेत?

रग्बीत आपल्या पोरी चेंडूभोवती घोळका करायच्या. मी म्हटलं, कापूस वेचताना धरता तशी आपापली ओळ धरा. आता मैदानभर पसरून हल्ला करतात.

उद्या अंतिम सामना. समोरच्या संघातल्या सगळ्या छायालाच अडवतात, म्हणून ती चेंडूशिवाय धावून त्यांना ओढून नेईल आणि मोकळ्या बाजूने आपली पुष्पांजली चेंडू घेऊन घुसेल.

"मावशी, मले बॉल काऊन नाही?" छाया रुसली. मग हळूच म्हणाली, "खांदा सुजला, पण आईले सांगू नको."

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून पत्राचा फोटो पाठवतेय. खेळवू का? तुझा होकार येईपर्यंत तिचे बूट माझ्याच पिशवीत राहतील.

तुझीच धाकटी,
जयमाला