माझ्या मरणाने कुणाचेही कार्ड फिटणार नाही

हे मृत्युपत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर आजारपणाने आणलेली नाही. माझ्या मुलाच्या एका वाक्याने आणली आहे. दोन महिन्यांपूर्वी, एका रविवारी सकाळी, तो स्वयंपाकघरात उभा राहून क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्याशी फोनवर बोलत होता. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. तो म्हणाला, "घर आईच्या नावावर आहे. ती एकाहत्तरची आहे. थोडं थांबा, सगळं फिटेल."

मी पेपर शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि त्याच दिवशी या मजकुराचा कच्चा खर्डा केला. त्याची ही पक्की प्रत.

मी, खाली सही करणारी, निवृत्त मुद्रितशोधक, एका छापखान्यात एकतीस वर्षे नोकरी केलेली, हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार आणि तारीख विचारली. मी दोन्ही सांगितले आणि त्यांच्या छापील फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही दाखवल्या. त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

कलम १. राहते घर, खालच्या दोन खोल्या आणि वरची एक, माझे यजमान आणि मी पगारातून पैसे बाजूला टाकून बांधले. खिडक्यांना दारे बसवायला आम्हाला दुसरे वर्ष उजाडले, तोवर पुठ्ठे लावले होते. पुठ्ठे छापखान्यातून आणले, विचारून आणले. हे घर मी माझ्या नातीला देते. मुलाला आणि सुनेला त्यात हयातभर राहण्याचा हक्क आहे. विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा कुणाला फोनवर सांगण्याचा हक्क नाही. म्हणजे माझ्या मरणाची वाट पाहून कुणाचा एक पैसाही फिटणार नाही. ज्याला वाट पाहायचीच हौस आहे त्याने बसची पाहावी.

कलम २. मुदत ठेव. ही आता नाही. ती का नाही, हे लिहून ठेवणे मला भाग आहे, नाहीतर माझ्या पश्चात नातेवाईक म्हणतील की म्हातारीला लुबाडले.

त्या रविवारी दुपारी मी मुलाकडून चारही कार्डांची पत्रके मागून घेतली आणि भिंग लावून वाचली. एकूण देणे तीन लाख दहा हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. पत्रकाच्या मध्यभागी ठळक टाइपात 'किमान देय रक्कम', आणि व्याजाचा दर तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात. मी आयुष्यभर टाइप पाहिले आहेत. कोणता शब्द मोठा करायचा आणि कोणता बारीक, हे आपोआप होत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून ते ठरवतो. अशा माणसाला मी आमच्या छापखान्यात शाईचे डबे धुवायलासुद्धा ठेवला नसता.

मी मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवले.

"सहा वर्षं भरतोय मी," तो म्हणाला. "एकही महिना चुकवला नाही. हे दोनच महिने जमलं नाही."

"काय भरत होतास?"

"किमान देय रक्कम. जेवढं देय आहे तेवढं."

"महिन्याच्या साडेपंधरा हजारांतले जवळजवळ अकरा हजार नुसतं व्याज आहे. किमान म्हणजे काय?"

"म्हणजे तेवढं भरलं की झालं."

"मी सांगत होते यांना," सूनबाई म्हणाल्या.

"चौथं कार्ड कुणाचं आहे?" मी त्यांना विचारले.

"माझं. पण आई, पहिल्या तिन्हींची मर्यादा संपली म्हणून ते काढावं लागलं."

मी चौथे पत्रक पुन्हा भिंगाखाली धरले. तेवढ्यात मुलगा खाली मान घालून म्हणाला, "तूच म्हणायचीस. किमान दोन घास खा. किमान पास तरी हो. किमान पत्र तरी टाक. दोन घास खाल्ले की तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, किमान म्हणजे पुरेसं."

मी त्याला उलट बोलल्याबद्दल रागावले. नंतर चष्मा पुसायला आत गेले. आजवर हजारो पानांतल्या चुका मी पकडल्या आणि माझ्याच घरातल्या रोजच्या बोलण्यातली ही एक माझ्या नजरेतून सुटली. ती तशीच छापली गेली. याची जबाबदारी माझी, आणि ती मी लेखी स्वीकारते. तीन लाख दहा हजारांची जबाबदारी मात्र त्यांची.

दुसऱ्या दिवशी मी ठेव मोडली आणि चारही कार्डे एकदम फेडली. ठेवीवर मला वर्षाला सात टक्के मिळत होते. मुलाने तेच सात टक्के मला द्यायचे. पूर्वी भरत होता तोच साडेपंधरा हजारांचा हप्ता मार्चपासून माझ्याकडे भरला, तर बावीस महिन्यांत तो मोकळा होतो. माझे नुकसान नाही, त्याचा गळफास सुटतो. हे सुचायला अर्थशास्त्र लागत नाही, कागद-पेन्सिल लागते. मी गेले तरी उरलेले हप्ते माफ नाहीत. ते नातीच्या खात्यात जमा व्हावेत.

कलम ३. घरातील मोठ्या वस्तूंबाबत. जिन्याच्या वळणावर अडीच वर्षे अडकून पडलेला सोफा, जो दारातून आत जात नाही हे विकत घेण्याआधी कुणीही मोजले नाही, तो कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला विकला आहे. गिऱ्हाइके त्यावर बसून थांबतात आणि मी जाता-येता त्याच्याकडे बघत नाही. वरच्या खोलीतले पळायचे यंत्र, ज्यावर फक्त टॉवेल वाळले, तेही गेले. ती खोली एका नर्सबाईंना भाड्याने दिली आहे. त्या शांत आहेत आणि जिन्यात चपला काढतात. भाडे सरळ हप्त्यात.

कलम ४. 'छापण्यास हरकत नाही' हा रबरी शिक्का सूनबाईंना. ही वस्तू क्षुल्लक समजू नये. छापखान्यात तीन वाचने झाल्याशिवाय मी हा शिक्का कधी उठवला नाही. आता घरात तोच नियम आहे. जे घ्यायचे ते कागदावर लिहावे. पहिले वाचन ज्याला हवे त्याचे, दुसरे जोडीदाराचे, तिसरे पंधरा दिवसांनी पुन्हा त्याचेच. मग शिक्का. पहिल्या महिन्यात अकरा वस्तू लिहिल्या गेल्या, शिक्का दोनच वस्तूंवर उठला: कुकरची रिंग आणि नातीचे शाळेचे बूट. उरलेल्या नऊपैकी सात वस्तू ज्याने लिहिल्या त्यानेच तिसऱ्या वाचनात खोडल्या. कागद भिंतीवर लावायची कल्पना सूनबाईंची. चांगली आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेले नाही, म्हणून येथे लिहिते.

कलम ५. माझे भिंग, पितळी मुठीचे, मुलाला. पण माझ्या पश्चात, आणि तेही शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर ते आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानदारांकडे राहील. ज्याने सहा वर्षे पत्रकाचा तळ वाचला नाही, त्याला ते आधी देण्यात अर्थ नाही.

कलम ६. भिंतीवरचे घड्याळ. निवृत्तीच्या वेळी छापखान्याच्या मालकांनी माझा तीन महिन्यांचा पगार बुडवला आणि त्याऐवजी हे दिले. त्यावर माझे नाव चुकीचे कोरले आहे. मी हयातभर त्यांच्या चुका काढल्या, त्यांनी जाता जाता माझ्या नावात एक घातली. हे घड्याळ मालकांच्या चिरंजीवांना परत पाठवावे. काचेवर लाल पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली आहे. सोबत चिठ्ठी नको.

कलम ७. माझ्यामागे काही करायचे असेल ते रोखीने करावे. फुलेसुद्धा. रोख नसेल तर फुले नकोत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या गल्लीतले औषधाचे दुकानदार करतील. ते उधार देत नाहीत, म्हणून निवडले.

साक्षीदार:
१. औषधाचे दुकानदार (सही)
२. छापखान्यातले निवृत्त मशिनमन (सही. हात थरथरतो, पण सही त्यांचीच)

मृत्युपत्र करणारी (सही)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ६ मार्च, शुक्रवार

सह्या झाल्यावर साक्षीदारांसमोर झालेली देवघेव:

मुलाकडून मला: मधोमध कापलेल्या चार कार्डांचे आठ तुकडे, शाईच्या रिकाम्या बाटलीत. पहिला हप्ता, रोख. मी तो दोनदा मोजला. पंधरा हजार नऊशे भरले.

"चारशे जास्त आहेत," मी म्हणाले.

"माहितीये," तो म्हणाला.

माझ्याकडून मुलाला: पंधरा हजार नऊशेची पावती, आणि पितळी मुठीचे भिंग. कलम ५ त्यामुळे खोडले आहे. खाडाखोड माझ्या हातची असून तिच्यापुढे तिघांच्या सह्या आहेत.