नववी ड चा मराठीचा तास

सर, तुम्ही गेलात हे बापानं फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुमचे सर गेले रे." मी म्हणालो, "कुठं, परत जपानला?" त्यानं फोन ठेवून दिला. त्याला ते अजूनही आवडलेलं नाही. तुम्हाला आवडलं असतं बहुतेक, असं बोलायला मी तुमच्याकडूनच तर शिकलो. बाकी काही शिकवलंत असं आठवत नाही.

जपानहून तुम्ही आलात तेव्हा आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर फोटो दाखवलेत. आपल्या शाळेची आणि तिथल्या एका शाळेची जोडी जमली होती, ती बघायला संस्थेनं हेडमास्तर म्हणून तुम्हाला पाठवलं होतं. फोटोत तिथली पोरं डोक्याला फडकी बांधून गुडघ्यावर बसून फरशी पुसतायत, आणि त्यांच्यात त्यांच्या हेडबाईही. तुम्ही म्हणालात, "तिथं शाळेला शिपाई नाही. जेवण झालं की सगळी मुलं मिळून शाळा साफ करतात. आपणही करायचं." खरं सांगतो, मला ते फार भारी वाटलं. पहिला आठवडा सगळ्या वर्गांनी झाडलं. तुम्ही पण व्हरांडा झाडलात, फोटो निघेपर्यंत. मग अ तुकडीतल्या एकाची आई गाडीतून आली आणि तुमच्या ऑफिसबाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आम्ही फी भरतो ती मुलानं केर काढावा म्हणून का?" दुसऱ्या दिवशीपासून झाडू फक्त आमच्या नववी ड कडे. तेही जेवणानंतर नाही, मराठीच्या तासाला. मराठीच्या बाई म्हणाल्या, पोरांचा तास बुडतोय. तुम्ही आमच्यासमोरच म्हणालात, "यांना वाचता कुठं येतंय? निदान हात तरी चालू देत."

मला येत होतं, सर. नुकतंच यायला लागलं होतं. बिबवेवाडीच्या आमच्या खोलीत कुणालाच येत नव्हतं, बापाला सही सोडून. बाई मला उभं करून धडा वाचायला लावायच्या, अडखळलो तर थांबायच्या, आणि वर्ग हसला तर वर्गाकडे बघायच्या. दिवसातला तेवढा एकच तास मला पाहिजे होता. बाकीच्या तासांना झाडायला लावा म्हणालो असतो, खुशाल शाळा धुतली असती.

मग त्या जपानच्या हेडबाई आपल्याकडे आल्या. अ तुकडीनं मैदानावर लेझीम केलं, आम्हाला वरच्या मजल्यावर फडकी देऊन बसवलं. त्या जिना चढून येतात, आम्हाला बघतात आणि त्यांचं तोंड फुलतं. पायातले बूट काढून सरळ माझ्या शेजारी बसतात, माझ्या हातातलं फडकं घेऊन पुसायला लागतात. पुसता पुसता काहीतरी विचारतात. तुम्ही मराठीत सांगता, "बाई विचारतायत, तुमच्यानंतर कुठल्या वर्गाची पाळी?" मी म्हणतो, "कुणाचीच नाही. रोज आम्हीच. आमचा मराठीचा तास जातो, तो परत द्यायला सांगा." तुम्ही हसून त्यांना इंग्रजीत सांगता. मला दोनच शब्द कळतात, 'लव्ह' आणि 'स्कूल'. त्या बाई उठून मला वाकून नमस्कार करतात. मला आयुष्यात कुणी तसा नमस्कार केला नव्हता.

तुम्ही मात्र ऑफिसात बोलावून मला आपण म्हणालात. "आपण फार विद्वान झालात."

"चुकलं सर."

"नाही हो, चूक आमची. आपल्यासारख्यांना आम्ही प्रवेश दिला. वडिलांना घेऊन या, तोवर यायची तसदी घेऊ नका."

बाप मार्केट यार्डात हमाल, खाडा झाला तर मुकादम दुसऱ्याला घेणार. तरी दोन दिवसांनी आला, खांद्यावर पोत्याचा तुकडा तसाच. तुम्ही त्याला आत बसवलं नाहीत. पॅसेजमध्येच म्हणालात, "हा हातानं हुशार आहे, शाळेत वेळ घालवू नका. यार्डात लावा कुठंतरी." बापानं तुम्हाला हात जोडले. गेटबाहेर मला म्हणाला, "चांगला मानूस हाय. तुझ्या कामाचं बोलला." तुमच्या सगळ्या क्रूरपणात मला हेच सगळ्यात जास्त लागलं, की त्यानं तुमचे आभार मानले.

आता मी मस्कतला आहे. एका शाळेतच, सफाईवर. परवा आपल्याकडचे चार-पाच मुख्याध्यापक ही शाळा बघायला आले होते. मी फरशीवर मशिन फिरवत होतो. एक जण दुसऱ्याला मराठीत म्हणाला, "हे आपल्याकडे मुलांकडून करून घेता येईल." मी मशिन बंद केलं आणि विचारलं, "कुठल्या तुकडीकडून?" तो दचकला, मग खूश झाला. अरे तुम्ही मराठी, कुठले, शाळा कुठली. मी शाळा सांगितली. "अहो, म्हणजे सरांचे विद्यार्थी! केवढा माणूस! शाळेत मुलांनी श्रम करायचे हे आम्ही त्यांच्याकडूनच घेतलं. मग पुढं शिकला नाहीत?" मी म्हणालो, "कंटाळा आला, सोडली शाळा." सगळ्यांना हेच सांगतो. इथं रूमवरच्या पोरांनाही.

हे कुणाला पाठवायचं नाही. तुमच्या घरी तर नाहीच, 'सरांच्या विद्यार्थ्याचं पत्र' म्हणून फ्रेम करून लावतील.

पण शाळा मी सोडली नव्हती. यार्डात पोती उचलायला लागलो तरी दिवाळीपर्यंत अंगात शाळेचाच शर्ट घालायचो. बाप ओरडायचा, मळतोय, काढ. काढला नाही. वाटायचं, पुण्यातले लोक रविवारी भाजीला यार्डात येतात, तुम्हीही याल, शर्ट बघाल आणि म्हणाल, उद्यापासून ये. एका रविवारी तुम्ही खरंच आलात, कापडी पिशवी घेऊन, बटाट्याचा भाव करत. मी कांद्याच्या पोत्यांमागं जाऊन बसलो, तुम्ही जाईपर्यंत.