मागची खोली सयाजीचीच

मी, शालूबाई रघुनाथ पिसाळ, वय ६८, धंदा शिवणकाम, राहणार करंजे, सातारा, पूर्ण शुद्धीत आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो इतपत धडधाकट असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. होते, ते मी झुगारले आहे.

कलम १. करंज्याचे घर माझे स्वकष्टार्जित आहे. पाचगणीच्या शाळांचे गणवेश तीस वर्षे शिवले, त्यातून ते उभे राहिले. माझे पती कै. रघुनाथराव फौजेत होते, माणूस सरळ होता, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण या घरावर पिसाळ भावकीचा हक्क पोहोचत नाही. माझ्या पश्चात घर माझा मुलगा विश्वजीत याचे. मात्र मागची खोली, न्हाणीघर व अंगणातली वाट यांवर श्री. सयाजी दादू खराडे, माजी हवालदार, यांचा ते हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क राहील. दिवाळीत विश्वजीत मला म्हणाला, "आई, तू गेलीस की दुसऱ्या दिवशी या माणसाचं सामान रस्त्यावर." म्हणून हा लेख.

कलम २. सयाजी कोण, हे विश्वजीतला अर्धेच ठाऊक आहे. तासगावकडच्या माझ्या माहेरगावी त्याचे घर आमच्या घराला लागून होते. १९७६ साली त्याच्या मामाने माझ्यासाठी मागणी आणली. माझे सयाजीवर प्रेम होते. या वयात हे लिहायला लाज कसली? माझे चुलते आण्णा यांनी मामाला नुसते "जमत नाही" कळवले. कारण फक्त आम्हाला घरात सांगितले: दोन्ही घरांचे देवक कळंब, आणि एका देवकात सोयरीक म्हणजे बहीणभावाचे लग्न. सयाजीच्या बहिणीच्या मांडवात त्यांनी कळंबाची डहाळी पाहिली होती. मी ते खरे मानले. सयाजीची बेळगावच्या पलटणीतून पत्रे आली, ती न वाचता चुलीत घातली.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते. मागून आवाज आला, "शालू हायस न्हवं?"

मी म्हटले, "व्हय. तू अजून जिता हायस व्हय?"

"त्येच सांगाया आलोय की बँकेला."

मग चहाला बसलो. तो म्हणाला, "एका बी पत्राला उत्तर न्हाई दिलंस. का गं?" मी कारण सांगितले. त्याने कप खाली ठेवला. "कळंब? आमचं देवक पानकणीस हाय. बहिणीचं लगीन मामानं त्याच्या दारात लावलं, डहाळी मामाच्या देवकाची व्हती."

त्या हॉटेलात मी चारचौघांदेखत रडले. दुःख झालेच, पण राग त्याहून जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. सयाजीची बायको वारून नऊ वर्षे झाली, मूलबाळ नाही. श्रावणात मीच त्याला मागच्या खोलीत राहायला आणले.

कलम ३. दोन्ही शिलाई मशीन व कात्र्या माझ्या हाताखाली शिकलेल्या अंकिताला. कात्रीने कागद कापू नये. पाटल्या नात शिवांजलीला. तिची सोयरीक कोणी मोडली, तर कारण तिने स्वतः समोरच्या घरी जाऊन विचारावे.

कलम ४. आण्णांची तसबीर त्यांचा नातू शिवतेज याने घेऊन जावी. आण्णा वाईट नव्हते, उतावळे होते. मी त्यांना माफ केलेले नाही. उरलेले सर्व विश्वजीतचे.

कलम ५. मी व सयाजी यांनी काल विवाह नोंदणी कार्यालयात अर्ज दिला आहे. नोटीस तीस दिवस फळ्यावर राहील. माझी कुटुंब पेन्शन बंद होईल, हे मला माहीत आहे. हातपाय चालतात, शिवणकामही चालते. वकील म्हणाले, नवराबायको झालात तर खोलीचे कलम कशाला? मी म्हटले, या तीस दिवसांत मी गेले तर? कलम राहू द्या.

विश्वजीत, तू पोटचा आहेस, तुझ्यावर माझी माया आहे आणि राहील. तुझी हरकत असेल तर त्या कार्यालयात ये, कारण लेखी दे आणि माझ्यासमोर वाचून दाखव. मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकून घेईन. लग्न तरीही करीन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एक शब्दही बदलायचा नाही.

सही: शालूबाई रघुनाथ पिसाळ

साक्षीदार:
१. नागसेन बनसोडे, निवृत्त शिक्षक, शेजारी
२. डॉ. अक्षता माळी, करंजे

ठिकाण: सातारा
दिनांक: १२ डिसेंबर २०२५