वायरींच्या चिंध्या

मोडनिंब, जि. सोलापूर
ता. ४ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मप्रियास आजीचा जय भीम आणि तोंडभरून आशीर्वाद.

आमी हितं खुशाल हाय, तुझी खुशाली कळवत जा. बंद पाकीट धाडलंय, कारण मजकूर गुपित हाय. फोनवर सांगितलं असतं, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात, आन् मजकूर बी तुझ्या बापाचाच. अंगणवाडीच्या बाईंनी म्हातारपणी अक्षरं शिकवली ती अशी कामाला आली बघ. काना-मात्रा चुकला तर हसू नको.

तर आजोबांची फटफटी. ते गेल्यापासनं पत्र्याखाली चादर पांघरून उभी हाय, मी कुणाला बोट लावू दिलं न्हाय, तुला ठाऊकच हाय. परवा बजाबाईकडं पापड लाटाया गेले. तिच्या सुनंनं पापडखार लई घातला, ते एक ऱ्हाऊ दे. परत येऊन बघते तर तुझ्या बापानं गाडी खोलाय घेतलेली! सोबतीला अक्कलकोटाकडचा मिस्त्री, प्रभुलिंग नाव. मी विचारलं तर रत्नदीप म्हणतो, आई, नुसती साफ करतोय. साफ कराया टाकी उतरावी लागती व्हय? आधी बॅटरी काढून कोपऱ्यात ठिवली. मग कोंबडीची आतडी काढावी तशा आतल्या वायरी बाहेर काढल्या. आन् एकेकीला चिंधी बांधली! चिंध्या कुटनं आणल्या, तर माझ्या वाकळंच्या बोचक्यातनं. तांबडी, हिरवी, पिवळी. बांधली की मोबाईलवर फोटू.

आता तू शिकलेली असशील, पण बाजार मी जास्त बघितलाय. शेळ्या-मेंढरं इकली की घेणारा पाठीवर रंग लावतो का न्हाय? एकाचा तांबडा, दुसऱ्याचा हिरवा, म्हंजे गर्दीत ज्याचं जनावर त्याला गावतं. तसंच हे. गाडी तुकड्या-तुकड्यानं इकलीया ह्यांनी. चिंध्या म्हंजे गिऱ्हाइकांच्या खुणा, आन् फोटू त्यांनाच जात्यात. प्रभुलिंगला चहा पाजून पाजून विचारलं, तर गालात हसतो आन् फोनवर कानडीत बोलत बसतो. मला त्यातलं ‘इल्ला’ तेवढं कळतं. एवढ्यांदा न्हाय न्हाय म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात काय तरी असतंच की.

तू विजेच्या खात्यातली, म्हणून विचारते. अशा चिंध्या बांधत्यात का कुटं? मी पाळत ठिवलीया. लई दिवसांनी असा उद्योग मिळालाय, गुडघं बी दुखंनात.

माझा जीव तुझ्यावर हाय, तुझा माझ्यावर असू दे.
तुझी आजी येसूबाई


करमाळा
ता. ९ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस धम्मप्रियाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र सबस्टेशनात बसून वाचलं आणि एकटीच हसत सुटले. फटफटीचे दोन्ही फ झोकात आलेत. गुडघे दुखेनात हे वाचून तर गाडी रोज खोलावी असं वाटलं.

आजी, ती गिऱ्हाइकं नाहीत, त्या जोड्या आहेत. जुनी गाडी खोलताना आधी बॅटरीच सोडवतात, तीही वजा बाजूची वायर पहिल्यांदा. नाहीतर पाना कुठे टेकला की ठिणगी उडते, आणि वर पेट्रोलची टाकी. मग वायर न ओढता प्लग धरून सोडवायचा, कारण जुनी तार आतल्या आत तुटते आणि वरून कळतही नाही. तुझ्या फटफटीच्या सगळ्या वायरी तेलानं काळ्या पडल्यात, कुठली कुठली ते ओळखू येत नाही. म्हणून सोडवण्याआधी दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिंधी बांधायची. जोडताना तांबडीला तांबडी, हिरवीला हिरवी. त्या चिंध्या कृपा करून सोडू नकोस. आणि हॉर्नच्या निळ्या चिंधीला तर हातच लावू नको, तिथली वायर कुजलीय.

पप्पांनी गाडी का खोलली ते मला काय ठाऊक? करमत नसेल. मिस्त्रीवर उगाच संशय घेऊ नकोस, चहा मात्र देत जा.

माझं बरं चाललंय. तुझी माया अशीच राहू दे.
तुझी धम्मप्रिया


मोडनिंब
ता. १४ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मप्रियास आजीचा जय भीम. आशीर्वाद सध्या अर्धाच.

तुझं पत्र पोचलं, पण उशिरा. त्याच्या आदल्याच दिवशी मी सगळ्या चिंध्या सोडून, धुऊन, दोरीवर वाळत घातल्या व्हत्या. म्हणलं, खुणाच न्हायत तर गिऱ्हाईक काय घिऊन जातंय. प्रभुलिंग आला, दोरीकडं बघितलं आन् अय्यो म्हणून ओट्यावरच बसला. तुझा बाप विचारत व्हता हे कुणी केलं. मी म्हणले मांजरानं. तो म्हणतो, मांजर गाठी सोडून धुणं बी वाळत घालतं का? मी म्हणले, आपलं मांजर हाय हुशार.

जोड्यांचं कळल्यावर मला वाईट वाटलं. प्रभुलिंगला शिरा करून घातला. पण धम्मे, मग तुझं पत्र मी परत वाचाय घेतलं. मी लावून लावून वाचते, त्यामुळं माझ्या नजरंतनं अक्षर सुटत न्हाय. तू निळी चिंधी लिहिलीस. मी लिहिली व्हती तांबडी, हिरवी, पिवळी. निळी लिहिलीच न्हवती! ती माझ्या चौदा एप्रिलच्या साडीची हाय, तिला कात्री लावली म्हणून माझा जीव जळला व्हता, सबब मी तिचं नावच घेतलं न्हाय. मग करमाळ्यात बसून तुला निळी कशी दिसली? वायरी काळ्या पडल्यात हे तुला कुणी सांगितलं? म्हंजे फोटू जात्यात ते तुला जात्यात. ज्याच्यावर पाळत ठिवायची त्यालाच मी चोराची खबर देत बसले व्हते.

खरं काय ते लिही. इल्ला चालणार न्हाय.

माया हाय, पण थांबवून ठिवलीया.
येसूबाई


करमाळा
ता. १९ फेब्रुवारी २०२४

ती. आजीस सविनय जयभीम, वि. वि.

सापडले. गाडी मीच खोलायला सांगितली, मला हवीय म्हणून.

मी तुला माझं बरं चाललंय असं लिहिते, ते तितकंसं खरं नाही. इथे बिघाड होतो तो दूर कुठल्या तरी शिवारात. ज्याच्याकडे गाडी तो लाइनवर जातो. मी खुर्चीवर बसून तक्रारी लिहून घेते. खांबावर चढायच्या परीक्षेत मी पहिल्याच झटक्यात पास झाले, आणि तेव्हापासून हातात फक्त पेन. पुढच्या महिन्याच्या शेवटी लाइनवरची गावं वाटून देणार आहेत. गाडी असेल त्यांचीच नावं घेणार. नसेल तर पुढचं वर्षभर पुन्हा खुर्ची. नवीन गाडी मला आत्ता झेपत नाही.

तुला विचारायचं धाडस झालं नाही. मागच्या दिवाळीत मी नुसती तिच्यावरची चादर बदलली, तर तू दिवसभर जेवली नव्हतीस. पप्पा म्हणाले, आधी चालती होऊ दे, मग मी आईला सांगतो. त्यांना रागावू नकोस.

फोटो सगळे माझ्याकडे आहेत, त्यामुळे वायरी जुळतील. तू नाही म्हणालीस तर होती तशी जोडून, चादर घालून पत्र्याखाली उभी करायला सांगते. मनापासून सांगते. तू म्हणशील तसंच.

थांबवलेली माया सोडावी, ही विनंती.
तुझी धम्मप्रिया


मोडनिंब
ता. २४ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मप्रियास आजीचा जय भीम आणि पुरा आशीर्वाद.

तू आधी विचारलं असतंस तर मी न्हाय म्हणले असते. खोटं कशाला लिहू. तवा लपवलंस ते बराबर केलंस, तरी मला राग आलाच. तुझ्या बापाशी एक दिवस अबोला धरला. त्याला त्याचं काय बी वाटलं न्हाय, उलट निवांत जेवला.

पण तू खुर्चीवर बसतीस हे मला ठाऊकच न्हवतं गं. मी गावभर सांगत फिरते, माझी नात खांबावर चढती म्हणून. बजाबाईला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितलं. आता मी काय घरोघर जाऊन सांगू, की न्हाय हो, ती पेन चालवती? मला ह्या वयात गावात खोटं पाडू नको. गाडी घिऊन जा आन् चढ खांबावर.

कालपासनं मी आन् प्रभुलिंग वायरी जोडतोय. तू धाडलेला फोटू तो बघतो, रंग सांगतो, मी चिंधी बांधते. त्याच्या गाठी ढिल्या असत्यात. प्लग धरूनच लावतो, ओढत न्हाय. हॉर्नला नवी वायर टाकली. सगळ्यात शेवटी बॅटरी जोडली आन् भोंगा मीच दाबला. असा वाजला, शेजारचं पोरगं दचकून रडाय लागलं. रविवारी सुट्टी काढून ये, हेल्मेट घिऊन ये.

एकच विचारायचं ऱ्हायलं. प्रभुलिंग सहज बोलून गेला, की मागं बसणाऱ्याला पाय ठिवायचं दांडकं तू दोन्ही बाजूला नवं टाकाय सांगितलंयस, आन् मागची सीट बी मऊ करून मागितलीस. लाइनवर तर तू एकटीच जाणार. मग मागं कोण बसणार हाय? मी असंन तर काय बोलणंच न्हाय. न्हायतर नाव, गाव आन् काय करतो ते येताना सांग.

तुझ्यावरची माया सोडलीया, संशय तेवढा धरून ठिवलाय.
तुझी आजी येसूबाई